झेनॉनच्या रेणूमागे संभाजीनगरला

पुण्याहून आलेली बस नगर नाक्यावर थांबली आणि फोन वाजला. "येऊ नका," प्रयोगशाळेच्या प्रमुख देशमुख मॅडम म्हणाल्या, "नळाला पाणी आलेलं नाही."

"मॅडम, मी उतरलेय."

"मग या. चहा घेऊ."

लोक इथे वेरूळ पाहायला येतात, मी एक रेणू पाहायला आले होते. झेनॉन हा सहसा कुणाशी न जुळणारा वायू. पण गोठवून, वर प्रकाश टाकून त्याला हायड्रोजन आणि ब्रोमीनच्या मध्ये बसवता येतं. या रेणूत हायड्रोजन किती वेगाने थरथरतो, याचं गणित मी प्रबंधात मांडलं होतं. मॅडमनी प्रयोग करून पाठवलेल्या, थरथरीचा वेग दाखवणाऱ्या आलेखात मात्र एकाऐवजी दोन शिखरं होती. आमचे सर म्हणाले होते, "उलगडा झाला नाही, तर ते प्रकरण गाळून टाक." माझं निम्मं काम त्या प्रकरणात होतं.

आणि आता वायू गोठवणाऱ्या शीतयंत्राला थंड ठेवायला पाणी नव्हतं. टँकरवाल्याला मीच फोन लावला.

"करमाडला हाये ताई. निघालोच."

दुपारी पुन्हा लावला. "निघालोच म्हनलं ना! जरा दम धरा."

दम धरायला मॅडम मला नान-खलिया (झणझणीत मटणाचा रस्सा आणि जाड नान) खायला घेऊन गेल्या. डोळ्यांतून पाणी आलं. शहरात तेवढंच उपलब्ध होतं. टँकर संध्याकाळी उगवला. "लई गर्दी व्हती," एवढंच बोलून त्याने नळी सोडली.

दुसऱ्या दिवशी प्रयोग रंगात आला आणि वीज गेली. गोठवलेला थर वितळला. मी पायरीवर जाऊन बसले. वीज आल्यावर सगळं पुन्हा केलं. पडद्यावर पुन्हा दोन शिखरं!

"तुमच्या यंत्रात गळती आहे," मी जरा जोरातच म्हणाले.

"असेल," मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि खरंच शोधायला लागल्या. एका जोडावरचं रबरी कडं झिजलेलं सापडलं. तिथून हवा, म्हणजे मुख्यतः नायट्रोजन, आत जात होती. कडं बदललं, पुढची फेरी घेतली. दुसरं शिखर गायब! उरलेलं माझ्या गणिताशी जवळपास जुळलं. मी बॅग भरायला उठले.

"बसा. आता नायट्रोजन मुद्दाम घालू."

"मॅडम, आत्ताच तर तो काढला! माझी बस आहे."

"बस उद्याही आहे."

मी धुसफुसत थांबले. किंचित नायट्रोजन मिसळला आणि ते शिखर परत आलं, त्याच जागी. आणखी मिसळला, तसं ते वाढलं.

"कुठे सरकलंय बघा," मॅडम म्हणाल्या.

वरच्या बाजूला, म्हणजे जास्त वेगाकडे. शेजारी रेणू चिकटला की हायड्रोजनचा बंध बहुधा सैलावतो, थरथर मंदावते. इथे उलट झालं होतं. नायट्रोजनच्या नुसत्या शेजाराने झेनॉन आणि हायड्रोजन एकमेकांना अधिक घट्ट धरत होते. माझ्या गणितात रेणू एकटाच होता. तिथेच टेबलावर मी नायट्रोजन शेजारी ठेवून गणित पुन्हा मांडलं. तेही वरच सरकलं. रागवायला आता काही उरलं नाही, याचाही मला थोडा रागच आला.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "वेरूळ पाह्यलं का?"

"नाही."

"मग केलं काय इतके दिवस?"

काय सांगणार? पाण्याची वाट पाहिली, विजेची वाट पाहिली, यंत्रावर चिडले, मॅडमवर चिडले. ज्या शिखराने मला इतकं छळलं, ते चूक नव्हतंच. मी एकच रेणू शोधत होते आणि तिथे दोघं होते.

इतक्यात सरांचा फोन आला. "काय ठरलं? प्रकरण गाळायचं?"

"नाही सर," मी म्हणाले, "आता सुरुवातच त्याने करायची."