सालमावशीची बिनपानाची अंडी

वाडीत कुणाचंही लग्न असलं की आमची शेजारीण वधूवरांना भेटायच्या आधी मांडवामागे आचाऱ्याकडे जायची. "जेवान रवांदे रे, कांद्याची सालां खंय टाकलंस?" म्हणत पिशवी भरून घ्यायची. म्हणून खाडीकाठच्या आमच्या हिंदू वाडीने या ख्रिस्ती बाईचं नाव सालमावशी ठेवलं होतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी त्या सालांच्या पाण्यात ती अंडी उकडायची. आधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवायचं, वरून जुन्या लुगड्याची चिंधी आवळून बांधायची. उकडून चिंधी सोडली की तांबूस अंड्यावर पांढरं पान उमटलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी पोरं ती न्यायला दारात हजर.

एका वर्षी लालभडक रंगाच्या हौसेने तिने अंडी रात्रभर कोकमाच्या आगळात बुडवून ठेवली. आंबट आगळाने कवच विरघळलं, लिबलिबीत गोळे उरले. मावशी हसून हसून खाली बसली. "कवटीच खाल्ल्यान गो! आता घाल नारळाचो रस, झाली सोलकढी!"

यंदा शनिवारी सकाळी आम्ही तिच्या पडवीत समोरासमोर बसलो होतो. मी अंडी पुसून देत होते, ती बांधत होती. मी शाळेच्या परीक्षांचं काहीबाही सांगत होते, ती हुंकार देत होती. हुंकार थांबला म्हणून मी वर पाहिलं. मावशी खांबाला टेकली होती. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुपारी तिची लेक फिलू दोडामार्गहून आली. संध्याकाळी दफन करून परतल्यावर तिने पडवीतली बांधलेल्या अंड्यांची टोपली उचलली. मग म्हणाली, "पोरां फाल्यां ईस्टराक येतली. मायन बांधलेली तरी उकडूया."

माझ्या चुलीवर उकडली. फिलू एकेक चिंधी सोडू लागली. पान दिसलं की रडायची, पुढचं हातात घ्यायची. शेवटची दोन-तीन सोडली आणि तिचा हात थांबला. अंडी नुसती तांबूस. चिंधी झटकली, त्यातही पान नव्हतं. गाठी मात्र नेहमीसारख्याच घट्ट होत्या.

"पान लावूक इसारली माय?" फिलूने माझ्याकडे पाहिलं. "बाय, तू थंयच बसलेलंस मा?"

हो, समोरच. कोथिंबिरीची जुडी तिच्या मांडीपाशी होती. मी बोलत होते आणि ती हुंकार देत होती. त्यांतला कुठवरचा हुंकार माझं ऐकून दिलेला होता, ते मला अजून कळत नाही.