मंडईतलं ग्रीक मढं

नाटक बसवायला घेतलं की किस्से आपोआप साठतात. साफसफाई करायची म्हटली तरी कोपऱ्यात काही ना काही राहतंच. लोक विचारतात, "मॅडम, किती मजा आली असेल ना?" मजा? डोंबलाची मजा! मला नुसतं आठवलं तरी कानशिलं तापतात. पण तुम्ही चहा मागवलाच आहे, तर ऐका.

मी सडक अर्जुनीला शाळेत शिकवते आणि सुट्टीत नाटक बसवते. त्या वर्षी अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक ग्रीक नाटक आमच्या बोलीत आणलं. गोष्ट सरळ आहे. राजा हुकूम काढतो की या गद्दाराच्या प्रेताला कोणी माती द्यायची नाही. त्याची बहीण हुकूम मोडते, भावावर मूठभर माती टाकते आणि शिक्षा भोगते.

बहिणीचं काम शेवंताकडे होतं. ती गावात ब्लाऊज शिवते. तिचा सख्खा भाऊ हायवेवर ट्रकखाली गेला. आमच्याकडे मातीला बाया जात नाहीत. तिला आणि तिच्या आईला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. पहिल्याच तालमीला ती म्हणाली, "मॅडम, मी त्या एका मुठीसाठी काम करून राहिली." तो एक सीन नीट व्हावा, एवढंच मला हवं होतं. आणि सगळे नेमके त्याच सीनच्या मुळावर उठले!

*

आधी गोंदियात हॉल बुक केला होता. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, स्टेज पर मिट्टी अलाउड नहीं है. कारपेट नया है."

"अहो, एक मूठ माती!"

"तो रांगोली डाल दो. झाडू से निकल जाती है."

"प्रेतावर रांगोळी?"

"फिर फूल डालो. अच्छा भी दिखेगा."

मी म्हटलं, "तुमच्या कारपेटला अगरबत्ती लावा!" आणि बुकिंग तिथंच कॅन्सल केलं. तो मागून ओरडला, "अगरबत्ती भी अलाउड नहीं है!"

*

मग इटियाडोह धरणाच्या कालव्याकडच्या एका गावानं मंडईला नाटक ठेवायचं कबूल केलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, आणि नाटकाशिवाय मंडई होत नाही. धान कापलेल्या बांधीत स्टेज, आणि लोक शेतातच बसणार. मी खूश! इथं माती नको म्हणणारा कोण भेटणार? भेटला. मंडई समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब.

पहिल्या मीटिंगला त्यांनी विचारलं, "मॅडम, डान्स कुठे आहे?"

"डान्स नाही."

"काऊन?"

"अहो, भाऊ मेलाय तिचा!"

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तर मरायच्या आधी टाका ना."

*

ग्रीक नाटकात म्हाताऱ्यांचं एक टोळकं असतं. ते बाजूला उभं राहून सगळ्या गोष्टीवर बोलतं. मी त्यासाठी गावातलीच म्हातारी माणसं घेतली. तालमीत राजा शिक्षा सुनावायला लागला की हे पुढे सरसावायचे. "बापा, असं नको करू. पोरीचा जीव जाईन."

"आजोबा, तुम्ही त्याला अडवायचं नाही."

"मंग आमी काय करायचं?"

"नुसतं हळहळायचं."

त्यावर त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर आजोबा चिडून माझ्यावरच ओरडला, "पोरगी मरून राहिली आन आमी नुसतं पाहात राहायचं? मंग आमाले बोलावलं कायले?" मी त्या दिवशी तालीम तिथंच आटोपली. दुसऱ्या दिवशी गावच्या तंटामुक्तीच्या बैठकीत एका खऱ्या पोरीवर अन्याय होत होता, आणि तेच म्हातारे शेवटपर्यंत गप्प बसले. मग मात्र माझं डोकं असं फिरलं की विचारू नका!

*

प्रेत व्हायला कोणी तयार होईना. शेवटी गावातला राजू तयार झाला. झालं, त्याची बायको तालमीत येऊन उभी. "माझ्या जित्या मानसाले कायले मढं करून राहिले?" तिची समजूत काढली, राजूला झोपवलं, शेवंता भावासाठी हंबरडा फोडायला लागली, आणि प्रेताचा गाल हलला!

"राजू, तोंडात काय आहे?"

"खर्रा."

"मेलेला माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो?"

"खात नाई मॅडम. नुसता दाबून ठेवला आहे."

मी चप्पल काढली होती. शेवंतानं हात धरला म्हणून वाचला.

*

मंडईच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब तालमीला आले. "मढ्याचा सीन काटा. सणासुदीत मढं! लेकी-जावई आलेले असतात, अपशकुन होते."

मी तोंड उघडायच्या आत शेवंता पुढे आली. "माती नाई, तर मी नाई."

"बाईमानसानं मातीत पडूच नये," ते म्हणाले.

शेवंताची आई तिथंच बसली होती. आता तरी म्हातारी लेकीच्या बाजूनं बोलेल, असं मला वाटलं. कुठलं! ती पदर सावरत उठली. "मढ्याचा खेळ मी नाई पाहात. येकदा झाला तेवढा पुरे." आणि निघून गेली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

*

मंडईच्या दिवशी दिवेलागणीला नाटक सुरू झालं. बांधीत पाय ठेवायला जागा नव्हती. राजानं हुकूम सुनावला. राजू निपचित पडला होता, त्या दिवशी खर्ऱ्याशिवाय. शेवंतानं मूठ भरली, भावाजवळ बसली, हात वर उचलला, आणि समितीच्या निवेदकाचा माईक खरखरला!

"नाटक दोन मिनिटं थांबवून आपले लाडके अध्यक्ष भाऊसाहेब यांचा सत्कार!"

भाऊसाहेब हात जोडत स्टेजवर चढले. शाल, नारळ, फोटो. शेवंता तशीच बसून, मूठ आवळून. सत्कार आटोपला. भाऊसाहेबांनी माईक हातात घेतला. "मढ्याचा सीन झाला असं समजा. याले उचला आन पुढचं घ्या."

मी विंगेतून धावले, पण माझ्या आधी प्रेक्षकांतून कोणीतरी उठलं होतं. शेवंताची आई! कधी येऊन बसली होती कोण जाणे. तिनं खाली वाकून बांधीतली मूठभर माती उचलली, चपला तिथंच काढल्या आणि सरळ स्टेजवर चढली. भाऊसाहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"टाक वो माय," ती लेकीला म्हणाली.

शेवंतानं मूठ सोडली. मग आईनं टाकली. तिच्यामागे आणखी एक बाई चढली, मग दुसरी, मग तिची सासू. चपला काढून, हातात माती घेऊन बायांची रांग लागली. राजू हूं की चूं न करता पडून होता. भाऊसाहेब शाल सावरत बाजूला सरकले.

स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून वाक्यं पुरवणारा आमचा प्रॉम्प्टर घाबरला आणि त्यानं चोपडीतलं पुढचं वाक्य दिलं. राजानं ते तसंच ठणकावलं, "कोण आहे ती? पकडा तिला!"

शेवंताच्या आईनं हात झटकले. राजाकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे, मग मागच्या रांगेकडे.

"कोनाकोनाले पकडशीन?"