एकाच पायाची सूज

सुरेखाचा फोन आला तेव्हा मी दिंडोरीच्या शाळेत हजेरी घेत होते. "मावशी, आईंना एकदम धाप लागली... आणि गेल्या हो." सुरेखा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची सून. अक्काच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तो बारावा दिवस होता. आदल्याच संध्याकाळी तिने मला फोनवर झेंडूचा भाव सांगितला होता. महिना झाला, पण तिची आठवण आली की अजून मला आधी चीडच येते.

नवरा गेल्यावर मखमलाबादचा फुलांचा मळा तिने एकटीने राखला, फुलबाजारात आडत्यांशी भांडली, मला डी.एड. केलं. कुणाचं म्हणून ऐकायची नाही. ऐन दसऱ्याच्या तोंडावर मळ्यातल्या पाटात घसरून पडली. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघींना समोर बसवून सांगितलं होतं : वॉकर धरून रोज चालायचं, पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवत राहायची, पोटात टोचायची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं पूर्ण करायची. नाहीतर पायात रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर... आम्ही माना डोलावल्या.

घरी मात्र भेटायला येणारा जो तो म्हणे, "हलू नका, हाड जुळू द्या आधी." आणि जन्मात कुणाचं न ऐकलेली माझी बहीण नेमकी आता सगळ्यांचं ऐकायला लागली! चौथ्या इंजेक्शनानंतर पोटावर काळेनिळे डाग दिसले, तर तिने नर्सबाईंना दारातूनच परत पाठवलं. मी रागावले. म्हणाली, "स्वतःच्या पोटात टोचून घे एकदा, मग शिकव मला."

रविवारी गेले तर ऑपरेशनच्या पायाची पोटरी तट्ट फुगलेली, हाताला गरम लागत होती. शेजारच्या सोनूमावशी दोन दिवस तेल लावून चोळत होत्या. "चिरफाड झालीय, सुजणारच," अक्का म्हणाली. दवाखान्यात गेलं तर दसऱ्यात परत अडकवून ठेवतील, ही तिची भीती. मी पायाखाली उशी सारली आणि पाचच्या बसने परतले.

डॉक्टरांनी नंतर विचारलं, "एकच पाय सुजलाय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही?" आलं होतं ना! चौघींच्या लक्षात आलं होतं. पण असा एकच पाय सुजून गरम झाला, पोटरी दुखायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलंही असेल... मला आठवत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

परवा मळ्यावर गेले. सोनूमावशी दाराशी आल्या, पण आत येईनात. हात पदरात गुंडाळलेले. "मास्तरीणबाई, म्या पाय चोळला म्हनून तर नाय ना झालं?"

महिनाभर मनात घोळवलेली उत्तरं होती माझ्याकडे. मी मावशींच्या पदरात गुंडाळलेल्या हातांकडे बघितलं.

"मावशी, मला नाही माहीत," मी म्हणाले. "पण सूज मीही बघितली होती. बघून घरी गेले होते."

मग सुरेखाला चहा टाकायला सांगितलं, मावशींचा हात धरून त्यांना आत घेतलं आणि अक्काच्या कॉटवर बसवलं. तिथे महिनाभर आम्ही कुणीच बसलो नव्हतो.