ईहीन आली अन् पारा चढला

आम्ही जुन्या सिस्टर भेटलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग सुनांची, आणि चहा येईस्तोवर गाडी भंडाऱ्याच्या आमच्या बायकांच्या दवाखान्यावर येतेच. एकीनं एक किस्सा काढला की दुसरीला दोन आठवतात. आता हे किस्से ज्या दुखण्याचे आहेत, ते चारचौघांत बोलू नये म्हणतात. मी बोलते. आम्ही ते बरं केलंय, मग लाजायचं कशाला?

*

दुखणं असं. अवघड बाळंतपणात बाई खाली फाटते आणि पुढे तिला संडास धरून ठेवता येत नाही. शिंकली, हसली, उकिडवी बसली की लुगडं खराब. पण ओपीडीत असं कोणीच सांगायचं नाही. सगळ्यांची आपली कंबर दुखायची.

आमच्या डॉक्टरबाई तेव्हा नागपूरहून नव्या आल्या होत्या. ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्यांनी काही दिवस ओपीडी नुसती न्याहाळली आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, बाक रिकामा असून जी बाई दाराशी उभी राहते ना, तिला आधी आत पाठवा."

मी पाठवू लागले. एक दिवस अशीच एक उभी बाई आत ढकलली. मागून कळलं, त्या आमच्या ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी, दवाखान्याची साफसफाई बघायला आलेल्या. नोकरी गेलीच असं धरून मी दाराबाहेर उभी राहिले.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, मले पुढच्या खेपेले कधी याचं हाये?"

*

उपचाराचं नाव बायोफीडबॅक. बाईंनी परदेशातल्या कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. दुबळा झालेला स्नायू आपण किती आवळतोय हे डोळ्यांना दिसलं, की शरीर हळूहळू शिकतं. तिकडे त्यासाठी मशीन होती. आमच्याकडे होतं ब्लडप्रेशर मोजायचं जुनं उपकरण.

बाईंनी त्याचा दंडाला बांधायचा पट्टा काढून टाकला. तिथं रबराची बारीक नळी जोडली आणि तिच्या टोकाला हातमोज्याचं एक बोट दोऱ्यानं घट्ट बांधलं. ते बोट आत सरकवून थोडंसं फुगवायचं. पेशंटनं आवळलं की समोरच्या काचेत पारा चढायचा. आमच्या बायका त्याला सरळ "पारा पाहाले जातो" म्हणायच्या.

एकदा कंपाउंडर श्यामराव आले. "बाई, एका आजीचं बीपी पाहाचं हाये. मशीन देता का जी?"

"न्या की," बाई म्हणाल्या. "पण आधी ती कुठं असते ते ऐका." आणि त्यांनी सांगितलं.

श्यामराव आले तसे गेले. पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरीसाहेबांकडून दवाखान्याला नवंकोरं बीपीचं उपकरण आलं. कोणाच्या शिफारशीनं, ते तुम्हीच ओळखा.

*

सुगंधाबाई लाखांदूरकडच्या. धानाच्या रोवणीत बायांच्या ओळीच्या पुढे असायच्या, पण दुखण्यानं त्यांचं रोवणीला जाणंच सुटलं होतं. रडगाणं नाही, कंबरेचं नाव नाही. आल्या त्या सरळच बोलल्या.

"माह्या पोरीचं लगन हाये उन्हाळ्यात. ईहिनीचे पाय धुवा लागतीन, उकडू बसून, साऱ्या मांडवासमोर. बसल्या बसल्या झालं तं? माह्या पोरीले जन्मभर आयकाव लागन. जाऊ म्हनते, मीच धुतो पाय. पन माय जिती असून जाऊ काहून धुईन जी?"

ईहीन म्हणजे विहीण, पोरीची सासू. बाईंनी पारा लावला आणि म्हणाल्या, "आवळा."

सुगंधाबाईंनी दात आवळले, डोळे आवळले, माझं मनगटही आवळलं. पारा भर्रकन वर. "पाह्यलं?" त्या खूश झाल्या.

बाईंनी मान हलवली. जोर सगळा पोटाचा होता. धरायच्या ऐवजी त्या ढकलत होत्या. ही चूक सगळ्याच करायच्या; आयुष्यभर ओझं उचललेल्या बाईला दात न खाता जोर लावणं ठाऊकच नसतं. मी पोटावर हात ठेवला, बाईंनी चित्र काढून दाखवलं. काही उपयोग नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "हे पाहा. तुमी मांडवात बसल्या. ईहीन अशी बाजूले, मांडीले मांडी लावून. अन् तुमचा वारा सरून राहिला. काय करसान?"

सुगंधाबाईंचे दात सुटले. पोट माझ्या हाताखाली मऊ पडलं. चेहरा असा शांत, जसं काही घडतच नाही. आणि पारा सावकाश वर चढला आणि तिथंच थांबला.

लांबच्या बाया उपचारापुरत्या वॉर्डातच राहायच्या; त्या दिवसापासून तिथं तोच हुकूम. "ईहीन आली!" म्हटलं की धरायचं. "ईहीन गेली" म्हटलं की सोडायचं.

*

पवनीच्या विणकर घरातली एक तरणी पोर होती, पहिलंच बाळंतपण झालेली. तिला काही केल्या जमेना. रडकुंडीला येऊन म्हणाली, "माहं पोरगं तं पाळन्यात हाये. मी ईहीन कोठून आनू?"

शेजारच्या खाटेवरून सुगंधाबाई म्हणाल्या, "माही घे. तुह्या पोराचं लगन होईस्तोवर वापर."

दुसऱ्याच दिवशी त्या पोरीचा पारा चढला.

*

शेवटच्या परीक्षेला बाई काचेवर नॅपकिन टाकायच्या. पारा न बघता सांगायचं.

"चढला," सुगंधाबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "अजून तठीच हाये. उतरवू का जी?"

बाईंनी नॅपकिन उचलला. बरोब्बर. आमच्या बाई कधी कुणाला शाबासकी द्यायच्या नाहीत. त्या दिवशीही दिली नाही. खिडकीपाशी जाऊन उगाचच चष्मा पुसत राहिल्या. मी मात्र सुगंधाबाईंच्या गळ्यात पडून रडले. इतका अभिमान मला माझी पोरं पास झाली तेव्हाही वाटला नाही.

*

लग्नाला सुगंधाबाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. एसटीनं लाखांदूर, पुढे बैलबंडी. मांडवात आम्हाला पुढची ओळ मिळाली. डॉक्टरबाई, मी, वॉर्डातल्या बाया, मांडीवर पोरगं घेतलेली ती पवनीची, आणि जरीच्या लुगड्यात सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी. सगळ्या जणी बसलेल्या, एकही दाराशी उभी नाही. सुगंधाबाई परात आणि पाण्याचा गडवा घेऊन समोर उभ्या होत्या. तोंड पांढरं पडलेलं.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी कोणीतरी ओरडलं, "ईहीन आली!"

आमची अख्खी ओळ एकदम ताठ झाली. पाठ सरळ, पोट सैल, चेहरे शांत. डॉक्टरबाईसुद्धा!

सुगंधाबाईंनी वळून आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर रंग आला. त्या परातीसमोर उकिडव्या बसल्या. ईहिणीचा एक पाय धुतला, मग दुसरा, अगदी निवांत. पदरानं दोन्ही पाय पुसले आणि उठून उभ्या राहिल्या. लुगडं जसंच्या तसं. आमच्या ओळीत अजून कोणी हललं नव्हतं.

ईहीणबाईंनी ओळीवरून नजर फिरवली. त्यांचा ऊर भरून आला होता. म्हणाल्या, "एवढा मान मले माह्या गावातबी नाई भेटला जी. कोन हायेत ह्या बाया?"

"माह्याच हायेत," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुमी आंदर चला जी लवकर. तुमी गेल्याबिगर त्याइले सोडता येत नाई."