जागा होती

बाबा पनवेलला लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. उरणच्या बाजूच्या गावांतली बरीचशी आगरी लग्नं त्यांच्याकडेच असत. जुन्या कॅसेटी खराब होऊ लागल्या, तेव्हा सगळं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवायला त्यांनी चार टीबीची हार्ड डिस्क आणली. आमचा कॉम्प्युटर जुनाच होता. डिस्क जोडली, तर जागा दोन टीबीच दिसली.

"फसवलं मला," बाबा म्हणाले. डिस्क विकणारा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, इथल्याच बेने इस्रायली ज्यू घरातला. "अरे, जुन्या मशीनवर तेवढीच दिसते," असं तो सांगत राहिला. बाबांना ती सारवासारव वाटली. बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढे तो मुलाकडे इस्रायलला गेला, तेव्हा बाबा निरोप द्यायलाही गेले नाहीत.

डिस्क भरत आली, तसं बाबांनी कच्चं चित्रण पुसायला घेतलं. एडिट केलेलं तेवढं ठेवायचं. कॅसेटी तर उतरवून झाल्यावर टाकूनच दिल्या होत्या. आई शेजारी बसून बघायची.

"अहो, ही म्हातारी किती गोड गातेय. राहू द्या ना."

"जागा कुठून आणू?"

गेल्या वर्षी चिरनेरची एक बाई आमचं घर शोधत आली. "माझ्या हलदीला आजी धवले गायली होती. त्याचं शूटिंग हाय का? आजी आता नाय."

धवले म्हणजे आगरी लग्नात बायका म्हणतात ती पारंपरिक गाणी. मी तिचं लग्न माझ्या लॅपटॉपवर लावलं. आजी दिसली. तिचे ओठ हलत होते, पण एडिट करताना वर सिनेमाचं गाणं चढवलेलं. बाई स्क्रीनला बोट लावून म्हणाली, "ही बघा, गाते हाय."

ती गेल्यावर, पुसलेलं काही परत मिळतंय का म्हणून मी डिस्क तपासायला बसले. तेव्हा कळलं. डिस्कचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत, याचा एक तक्ता डिस्कवरच असतो. आमच्या जुन्या कॉम्प्युटरने तो जुन्या पद्धतीचा बनवला होता, आणि तसल्या तक्त्यात दोन टीबीपुढचा आकडाच मावत नाही. त्यापलीकडची जवळजवळ अर्धी डिस्क कोरी पडून होती. पुसलेल्या चित्रणावर मात्र नवीन लग्नं चढली होती. त्यातलं काही हाती लागलं नाही.

बाबांना सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला.

"म्हणजे ते सगळं मावलं असतं?"

"हो, बाबा."

"तो खरं सांगत होता तर." त्यांनी चष्मा काढून ठेवला. मित्राचा नंबर कुणाकडेच नव्हता.

पुढच्या रविवारी ते चिरनेरला त्या बाईकडे गेले. मीही सोबत होते. "बाय, तुझ्या आजीचा आवाज मीच पुसला," ते म्हणाले. तिने चहा ठेवला. धवले म्हणून दाखवते म्हणाली, दोन ओळी म्हटल्या आणि अडखळली. पुढचं तिला येत नव्हतं. आतून तिची सासू आली, तिलाही येत नव्हतं.

बाबांनी कॅमेरा नेला होता. तो त्यांनी पिशवीतून काढलाच नाही.