वाऱ्याचा आडोसा आणि नलूकाकू

आज मी धडधाकट आहे तो नलूकाकूंमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांनी मला कसं झापलं ते वाचून तुमचा गैरसमज व्हायचा.

काकू मूळच्या नागपूरच्या. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. रिटायर झाल्यावर देवधर्माला न लागता त्या बर्फाच्या मागे लागल्या. हिवाळाभर घाटात रस्त्याकडेला खुर्ची टाकून दुर्बीण लावायच्या. कुठल्या उतारावरचं बर्फ आपोआप कोसळलं, वारा कुठून होता, ते हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या केंद्राला कळवायच्या. म्हणायच्या, "बाकीच्या सिरियल बघतात, मी हे बघते. इथे रडारड कमी."

मी नववीत शाळा सोडलेला, सोलापूरहून इथल्या हॉटेलात आचारी म्हणून आलेला. कुणी 'हाय' म्हटलं तरी आपलं काय चुकलं, असं मला वाटायचं.

इथल्या मराठी मंडळाची बर्फातली सहल निघाली आणि चहा-पोह्यांचं काम माझ्याकडे आलं. आदले दोन दिवस वारा नुसता घोंघावत होता. त्या दिवशी मात्र लख्ख ऊन. पण वारा होताच, उघड्यावर शेगडी टिकेना. शोधत शोधत एका उताराच्या पायथ्याशी गेलो, तर तिथे झुळूकही नाही. आपली अक्कल चालली म्हणून मी खूश. आधण ठेवलं, पोरं घसरगाड्या घेऊन आली.

काकू आल्या आणि वर बघत राहिल्या. कड्यावरून अजून पीठ चाळल्यासारखं बर्फ उडत होतं आणि आमच्याच बाजूला बसत होतं.

"गॅस बंद कर."

"काकू, उकळी येतेय..."

"आग लाव त्या उकळीला! इथे वारा का नाही, ठाऊक आहे? ओझं टाकायला थांबतो तो इथे. दोन दिवस पलीकडचं बर्फ उचलून तुझ्या डोक्यावर रचलंय त्यानं. एरवी झुरळाला भितोस, आणि इथे चहा करतोस?"

मंडळाचे अध्यक्ष जोशीकाका धावत आले. "नलूताई, आभाळ बघा की! स्नो पडलाच नाहीये. प्रोग्रॅम कॅन्सल करायचा का?"

"वरून नाही पडला, बाजूनं आला. जोशी, मी आयुष्यभर माणसं झोपवली. कोण कधी उठेल, ते मला विचार."

"तू चालू ठेव रे," जोशीकाका मला म्हणाले.

अध्यक्ष नाराज झाले तर पुढचं काम गेलं. मी गॅस तसाच ठेवला. काकूंनी सरळ हातमोज्यांनी पातेलं उचललं आणि पार्किंगकडे चालू लागल्या. "किड्स, हॉट चॉकलेट देअर!" साफ खोटं. पोरं पळाली, पोरांमागे आया. मीही शेगडी उचलली. "काय बाई आहे यार," म्हणत शेवटी जोशीकाका आले.

पार्किंगात मी काडी पेटवतोय, वारा ती विझवतोय, तेवढ्यात वर धप्प झालं. कड्याखाली एक भेग सरसर पळाली, अख्खा उतार पापडासारखा मोडला आणि खाली आला. धुरळा बसला तेव्हा माझ्या आडोशाची जागाच उरली नव्हती.

काकूंची दुर्बीण डोळ्याला. "वा! कुणी हात लावला नाही, कुणी ढकललं नाही. आपसूक! जोशी, किती वाजले? कळवायला हवं."

"व्हेअर इज द हॉट चॉकलेट?" एका पोरानं विचारलं.

"आस्क जोशीकाका."

यंदा काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं त्यांना दूर सपाटीवरच्या प्लेनोला नेलं. फोनवर कुरकुरतात, "इथे साधा उंचवटा नाही रे. बघायचं काय, हायवे?"

मी सध्या बर्फात गाडी चालवायला शिकतोय. स्टिअरिंग धरलं की घाम फुटतो. पण काकू, एका हिवाळ्यात मी तुम्हाला स्वतः घाटात नेणार, उतारापासून लांब रस्त्याकडेला खुर्ची मांडून देणार, आणि एखादा उतार सुटेपर्यंत तुमच्याशेजारी उभा राहणार. लटपटत का होईना, पण राहणार.