फिरले, फिरलो

जेवण झाल्यावर शर्मिष्ठा केळुसकर माजघरातल्या गार लादीवर आडवी होते. उशाशी सकाळी आलेलं पत्र. डोळे मिटतात, तरी आई भांडी लावतेय ते ऐकू येतं. मग तो आवाज लांब लांब जातो आणि समोरच्या खुर्चीत टेंगशे सर बसलेले असतात.

सर फाल्गुनात गेले. तिच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक, वडिलांच्या जागी मानलेले.

"पंखा मोठा कर गं," सर म्हणतात.

ती बटण शोधायला उठते तर भिंत कॉलेजच्या व्हरांड्याची. सर पुढे चालतायत, ती मागे.

"सर, माझा प्रस्ताव नामंजूर झाला म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"तो मंजूर झाला होता. तुमच्या जावयांच्या नावावर."

पत्रात तेच आहे. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट, उघड्या कातळावर उगवणाऱ्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी तिने पुन्हा अनुदान मागितलं, तर संशोधन निधीच्या कचेरीने कळवलं: हा प्रकल्प सहा वर्षांपूर्वीच दिलेला आहे, मंजूर प्रस्तावाची प्रत सोबत जोडली आहे. प्रतीतला शब्द न् शब्द तिचा. 'मी लहानपणापासून या सड्यावर फिरले' एवढ्या वाक्यात 'फिरले'चं 'फिरलो' केलेलं. जावई मूळचे नागपूरचे.

व्हरांडा संपतो तिथे सडा सुरू होतो. कातळ तापलाय आणि तिच्या पायांत चपला नाहीत. मधोमध टेबल मांडून निवड समितीचे पाच जण घाम पुसत बसलेत.

"या सड्यावर फिरलं कोण?" अध्यक्ष विचारतात.

"सर, सांगा ना."

सर चष्मा पुसतात. पुसतच राहतात.

"सर!"

"तुला पुढे पुष्कळ मिळालं असतं," ते हळूच म्हणतात. "त्याची नोकरी जात होती. पोरीचा संसार होता माझ्या."

"मग प्रस्ताव माझ्याकडे मागायचा होतात."

"दिला असतास?"

"हो." उत्तर इतकं पटकन येतं की तिचं तिलाच नवल वाटतं. "तुम्ही मागितला असतात तर दिला असता. सहा वर्षं मला वाटत राहिलं, मलाच लिहिता येत नाही."

सर चष्मा घालतात. आता ती त्यांना नीट दिसत असावी, कारण ते नजर वळवतात आणि वाळक्या गवतातून चालू लागतात. ती मागे धावते. गवत घोट्यांना घासतं. सर एकदाही मागे बघत नाहीत.

"शर्मे, चार वाजले. चहा टाकू?"

आई दारात उभी. लेकीचे डोळे बघून ती म्हणते, "सोड गं आता. गेलेल्या माणसावर कसली तक्रार करायची?"

"ते गेले, आई. मी आहे ना अजून."

ती उठते, तोच घोट्याला काहीतरी टोचतं. साडीच्या काठात कुसळं अडकलीयत. पाच-सहा, पिवळीधमक. साडी कालच धुतलेली. सड्यावर तर ती दिवाळीनंतर गेलेलीच नाही.

ती एक उपटायला जाते. काडी हातात येते. टोक बोटात मोडून राहतं.